ऑटोकोरिलेशन शिकताना: सूत्राआधी डीपीचा आवाज

ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मुलांना सिग्नल प्रोसेसिंगमध्ये ऑटोकोरिलेशन, म्हणजे सिग्नलची त्याच्याच सरकवलेल्या प्रतीशी तुलना, भेटतं ते बहुतेक वेळा समेशनच्या (बेरजेच्या) चिन्हामागे लपून. सूत्र पाठ होतं, परीक्षेत गुण मिळतात, आणि मोजमापाचं खरं काम हातात आलं की काय करायचं ते सुचत नाही. मी मशीनच्या कंपनांवर काम करतो. जळगाव-धुळ्याकडची नवी मुलं हाताखाली आली की त्यांना मी आधी कागद-पेन्सिल देतो, संगणक नंतर.

कागदावर आठ आकडे लिहा: २, ०, −२, ०, २, ०, −२, ०. त्याखाली तीच ओळ पुन्हा लिहा. समोरासमोरच्या आकड्यांचे गुणाकार करून बेरीज करा. १६ येईल. आता खालची ओळ एक घर सरकवा, बेरीज ०. दोन घरं सरकवा, −१२. तीन घरं, पुन्हा ०. चार घरं सरकवली की ८. जेवढं सरकवलं तो लॅग, आणि जी बेरीज आली ते त्या लॅगचं ऑटोकोरिलेशन. सिग्नल दर चार घरांनी स्वतःची पुनरावृत्ती करतो, हे त्या ८ ने सांगितलं. दोन घरांवर तो बरोबर उलटा असतो, हे −१२ ने सांगितलं.

इथे चांगला विद्यार्थी अडतो. पुनरावृत्ती तंतोतंत आहे, तर १६ चे ८ का झाले? कारण ओळ सरकवल्यावर आठऐवजी चारच जोड्या समोरासमोर उरल्या. जोड्यांच्या संख्येने भागा: १६ भागिले ८ म्हणजे २, आणि ८ भागिले ४ म्हणजेही २. दर वेळी आठनेच भागलं तर बायस्ड, उरलेल्या जोड्यांच्या संख्येने भागलं तर अनबायस्ड; पुस्तकातला हा सगळा भेद एवढाच आहे. मात्र मोठ्या लॅगवर जोड्या फार थोड्या उरतात आणि अनबायस्ड उत्तर तिथे उड्या मारू लागतं, म्हणून प्रत्यक्ष कामात अनेकदा बायस्डच वापरतात.

आता त्याच आठ आकड्यांत प्रत्येकी १० मिळवा आणि बेरजेला पुन्हा जोड्यांच्या संख्येने भागा. लॅग शून्यला १०२, लॅग दोनला ९८. जिथे २ आणि −२ (−१२ भागिले ६) असा ठळक फरक होता, तिथे आता जवळपास सपाट रेघ दिसते. म्हणून सिग्नलमधून सरासरी आधी वजा करायची. सेन्सरच्या डेटात असा वरून मिसळलेला स्थिर आकडा, म्हणजे ऑफसेट, नेहमी असतो.

हाताने एवढं झालं की मोबाइल घ्या. आपल्याकडे शेताच्या बांधावर डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, असतोच. कुंपणाबाहेर, सुरक्षित अंतरावर उभं राहून त्याचा गुणगुणाट रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंग ॲपमधलं नॉइज सप्रेशन बंद ठेवा, नाहीतर ते हा एकसुरी आवाजच पुसून टाकेल. वीज ५० हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मरचा गाभा दर अर्ध्या आवर्तनाला ताणला जातो, म्हणून आवाज १०० हर्ट्झचा. सेकंदाला ४४१०० सॅम्पल (आवाजाची मोजमापं) असतील तर ऑटोकोरिलेशनमध्ये ठळक शिखर ४४१ लॅगच्या आसपास सापडतं.

“सर, हाई मधलं शिखर कसाले इतलं मोठं शे?” अमळनेरकडच्या एका मुलाने अहिराणीत विचारलं होतं, म्हणजे मधलं शिखर इतकं मोठं का. प्रश्न नेमका होता. लॅग शून्यवर सिग्नल स्वतःवर जसाच्या तसा बसतो, त्यामुळे तिथे सिग्नलची पूर्ण ऊर्जा जमा होते. वारा, पाखरं, दूरचा ट्रॅक्टर हा सगळा कल्लोळही तिथेच गोळा होतो. वाऱ्याच्या सळसळाटाचं स्वतःशी असलेलं नातं थोडं सरकवताच तुटतं. डीपीचं नातं टिकतं, म्हणून ४४१ वरचं शिखर गोंगाटातून वर येतं. ऑटोकोरिलेशनची खरी ताकद हीच.

मग दहाव्या शिखराकडे जा. बरोबर ५० हर्ट्झला ते ४४१० वर असायला हवं. ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे, ४९.९० ला तेच शिखर ४४१९ च्या जवळ जातं. पहिल्या शिखरात हा फरक एका सॅम्पलचाही नसतो. दूरचं शिखर पाहिलं की वारंवारता बारकाईने मोजता येते.

विहिरीवरच्या दोन पोलच्या मोनोब्लॉक मोटारीत आणखी मजा आहे. ती लोडवर मिनिटाला ३००० ऐवजी साधारण २८८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८. विजेच्या ५० हर्ट्झचा लॅग ८८२, मोटारीच्या फेऱ्याचा ९१९ च्या आसपास. डाळ मिल असो की पाइपचा कारखाना, कंपनांच्या कामात आवाज विजेचा की फिरत्या भागाचा हा पहिला प्रश्न असतो, आणि तो अशा आकड्यांवरून सुटतो.

कोडबद्दल थोडक्यात. नमपाय या पायथनच्या लायब्ररीतल्या कोरिलेट फंक्शनला ‘फुल’ पर्याय दिला तर १००० सॅम्पलचे १९९९ आकडे मिळतात आणि लॅग शून्य मधोमध, ९९९ क्रमांकावर असतो. डेटा मोठा असेल तर एफएफटीने (फूरिये रूपांतर झटपट काढायची पद्धत) करा, पण आधी शून्यं जोडून लांबी निदान १९९९ करा, २०४८ सोयीचं. नाहीतर सिग्नलचं शेपूट वळून डोक्यावर येतं. एफएफटीचा हा रस्ता वीनर-खिंचिन प्रमेयाचा सख्खा भाऊ: ऑटोकोरिलेशनचं फूरिये रूपांतर म्हणजे पॉवर स्पेक्ट्रम, कोणत्या वारंवारतेत किती शक्ती आहे त्याचा आलेख. वीनर यांनी हे १९३० मध्ये मांडलं, खिंचिन यांनी १९३४ मध्ये. शिखरं ओळखता येऊ लागल्यावर हे प्रमेय वाचलं तर ते पाठ करावं लागत नाही.

यापुढे स्वतःचा आवाज घ्या. ‘आ’ लांबवून म्हणा, ८००० सॅम्पलच्या वेगाने रेकॉर्ड करा आणि लॅग २० ते १३३ एवढ्यातच शिखर शोधा. त्यात ६० ते ४०० हर्ट्झ बसतात. शिखर ६४ वर आलं तर सूर १२५ हर्ट्झचा. १२८ वरही तसंच शिखर दिसेल, पण घ्यायचं ते पहिलं ठळक.