एकच गट की दोन?

मानसशास्त्राच्या प्रयोगात दोन परिस्थितींची तुलना करायची, तर दोन्ही फेऱ्या त्याच माणसांवर घ्यायच्या की वेगवेगळ्या गटांवर? हा आराखडा ठरवताना मी वर्गातल्या पोरांना आधी एवढंच विचारते: पहिल्या फेरीचा परिणाम डोक्यातून पुसला जातो का?

जात असेल तर दोन्ही फेऱ्या त्याच माणसांवर घ्या. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूपची १९३५ सालची चाचणी बघा: हिरव्या शाईत ‘लाल’ लिहिलंय, सांगायचा शाईचा रंग. कुणी मुळातच चटपटीत, कुणी निवांत. प्रत्येकाची तुलना स्वतःशीच झाली की हा फरक आड येत नाही. फक्त क्रम फिरवा. निम्म्यांना सोपा तक्ता (शब्द आणि शाईचा रंग जुळणारा) आधी, निम्म्यांना अवघड (न जुळणारा).

पाठांतराची युक्ती शिकवलीत तर ती परत कशी काढून घेणार? तिथं दोन वेगळे गटच, आणि वाटणी चिठ्ठ्या टाकून. कोल्हापुरात एम.ए. करताना मी चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत: सकाळी आलेल्यांना शांत खोली दिली, दुपारच्यांना गाणी लावली. दुपारचे तांबडा-पांढरा ओरपून आलेले, शब्द आठवताना डुलक्या काढत होते. गुण घसरले ते गाण्यांनी की रश्श्यानं, कुणाला ठाऊक!

माणसं मोजकीच असतील तर आधी वीस शब्दांची चाचणी घ्या, सारख्या गुणांच्या जोड्या लावा, मग जोडीतलं कोण कुठल्या गटात ते नाणं उडवून ठरवा.