फ्रेटलेस बासवर गाण्याची साथ कशी करावी

फ्रेटलेस बास, म्हणजे पडदे (फ्रेट) नसलेला बास गिटार, हातात येताच जवळजवळ प्रत्येक वादक आधी घसीट वाजवून पाहतो. तारेवरून बोट सरकवले की पडदे असलेल्या बासवर कधीच न निघणारा, गळ्यातून आल्यासारखा आवाज निघतो आणि त्याचा मोह आवरत नाही. मात्र गाण्याला साथ करायची असेल, तर अभ्यासाचा क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी सरळ आणि सुरात लागलेला स्वर, मग त्या स्वराची लांबी, आणि घसीट सर्वांत शेवटी. पुढील विवेचन चार तारांचा साधा बास बऱ्यापैकी वाजवता येणाऱ्यांसाठी आहे.

पडद्यांच्या बासवर बोट पडद्याच्या किंचित मागे ठेवायचे असते, कारण तारेची लांबी पडदा ठरवतो. फ्रेटलेसवर बोटाचा शेंडाच पडद्याचे काम करत असल्यामुळे, जिथे पडदा असता नेमक्या त्याच जागी बोट टेकवावे लागते. जुन्या सवयीने ते मागे राहते आणि सगळे वादन थोडे उतरलेले ऐकू येते. ३४ इंच लांबीच्या तारेवर पहिला अर्धस्वर नटपासून (दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून) सुमारे ४८ मिलिमीटर अंतरावर असतो, तर बाराव्या पडद्याच्या जागेच्या आसपास दोन अर्धस्वरांमध्ये जेमतेम २५ मिलिमीटर उरतात. अर्धस्वराचे शंभर सेंट मानले, तर एका मिलिमीटरची चूक खाली सुमारे दोन सेंटांची आणि वर सुमारे चार सेंटांची होते. म्हणूनच नव्या वादकाने पहिले काही महिने खालच्या पाच-सहा जागांतच वावरावे.

सरावाला बसण्यापूर्वी वाद्य तपासून घ्यावे. बाराव्या जागी तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक (तार न दाबता निघणारा घंटेसारखा स्वर) काढावा, मग त्याच जागी तार दाबून स्वर काढावा आणि दोन्ही जुळतात का ते ऐकावे. दाबलेला स्वर चढा लागत असेल तर ब्रिजवरचे (तारांच्या खालच्या टोकाच्या आधारावरचे) सॅडल, म्हणजे तार टेकते तो सरकता तुकडा, मागे घ्यावे, उतरलेला लागत असेल तर पुढे आणावे. हे चारही तारांवर केले नाही, तर फिंगरबोर्डावरच्या (तारा दाबायच्या लाकडी पट्टीवरच्या) खुणांना काहीच अर्थ राहत नाही. पडद्यांच्या जागी रेषा आखलेला बास घेणे म्हणजे कमीपणा, असे काही जण मानतात. मला तसे वाटत नाही. परंतु वादक त्या रेषा समोरून पाहत नसून वरून तिरक्या नजरेने पाहतो, त्यामुळे डोळ्याला बरोबर दिसणारी जागा कानाला चुकीची लागू शकते. अशा वेळी कानाचे ऐकावे.

कान तयार करण्याचे आपल्याकडचे साधन म्हणजे तानपुरा. तानपुऱ्याचे ॲप पांढरी सहामध्ये लावावे, म्हणजे बासची मोकळी ए तार षड्ज होते. मग डी तारेच्या दुसऱ्या जागेवर पंचम आणि जी तारेच्या दुसऱ्या जागेवर वरचा षड्ज, एवढे दोनच स्वर प्रत्येकी आठ मात्रा, कंप न देता धरावेत. कंप चूक झाकतो, म्हणून या टप्प्यावर तो वर्ज्यच समजावा. स्वर तानपुऱ्यात मिसळला की कानाला जाणवणारी थरथर थांबते. ती थांबेपर्यंत बोटाचा शेंडा अगदी थोडा पुढे-मागे कलवावा आणि पुढच्या वेळी थेट त्या जागी उतरण्याचा प्रयत्न करावा.

गांधाराच्या बाबतीत मात्र सावध राहावे. तानपुऱ्यावर कानाला गोड लागणारा शुद्ध गांधार कीबोर्डच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. गाण्यात कीबोर्ड, पियानो किंवा गिटार असेल, तर बासवादकाने त्यांचाच गांधार स्वीकारावा, कारण खर्जातला गांधार त्यांच्याशी भांडू लागला की श्रोत्याला गायकच बेसूर वाटतो. खर्जात गांधार फार वेळ धरू नये, हे सगळ्यांत सोपे.

सूर बसल्यावर लांबीकडे वळावे. फ्रेटलेसचा स्वर छेडताक्षणी पूर्ण फुलत नाही. तार लाकडाला अगदी लहान कोनात टेकून थरथरते आणि ‘म्वाह’ असा भरत जाणारा आवाज किंचित उशिरा उमटतो. ब्रिजजवळ छेडले आणि ब्रिजकडचा पिकअप (तारेचा आवाज टिपणारा भाग) वाढवला तर हा गुण उठून दिसतो. फिंगरबोर्डाच्या टोकाजवळ छेडले तर आवाज गोल आणि मऊ होतो. शब्दप्रधान संथ गाण्यात मी फिंगरबोर्डाच्या टोकाजवळ छेडणे पसंत करतो, कारण ब्रिजजवळचा आवाज गायकाच्या व्यंजनांच्या आड येतो. स्वर कुठे सुरू करायचा हे किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) सांगतो. कुठे थांबवायचा हे गायकाच्या श्वासावरून ठरवावे. ओळ संपून गायक श्वास घेतो तिथे बासची आस (स्वराचा रेंगाळणारा नाद) चालू ठेवायची की तीही तोडायची, हा निर्णय प्रत्येक ओळीला जाणीवपूर्वक घ्यावा. पहिल्या अंतऱ्यात तोडली आणि दुसऱ्यात चालू ठेवली, तर एकही नवा स्वर न वाजवता गाणे भरत गेल्यासारखे वाटते. स्वर तोडताना डाव्या हाताची दोन बोटे तारेवर हलकेच टेकवावीत. एकच बोट टेकवले तर नको असलेला हार्मोनिक वाजण्याची शक्यता असते.

आता घसीट. तिला सुरुवात असो वा नसो, शेवट हवाच. कोणत्या मात्रेवर आणि कोणत्या स्वरावर पोहोचायचे हे आधी ठरवावे, एका अर्धस्वराखालून निघावे आणि समेच्या आधी नव्हे तर समेवरच पोहोचावे. त्यानंतर हवाच असेल तर कंप द्यावा, तोही तार आडवी ताणून नव्हे, तर व्हायोलिनप्रमाणे बोट तारेच्या दिशेत पुढे-मागे कलवून. गायक मींड घेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत, असताना बासने घसीट घेऊ नये. भावगीतांच्या एका कार्यक्रमात मी नेमके हेच केले होते. दोन सरकते स्वर एकमेकांत मिसळले आणि दोघांपैकी कोणाचाच सूर कळेना. गायिकेने काही न बोलता फक्त माझ्याकडे पाहिले होते.

वरच्या सप्तकातही हाच धोका असतो. जी तारेची बारावी जागा म्हणजे १९६ हर्ट्झ. तिथून वर पुरुष गायकाचा आवाज फिरत असतो. तिथे जायचे तर गायक गप्प असतानाच जावे. ब्रिटिश गायक पॉल यंगच्या १९८३ मधल्या एका गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीला बासवादक पिनो पॅलाडिनो फ्रेटलेसवर जी धून वाजवतो, ती गायक येण्याआधीच्या मोकळ्या जागेत. अमेरिकी बासवादक जॅको पास्टोरियसचे उदाहरण अधिक अवघड आहे. पडदे काढून एपॉक्सीचा (कडक राळेचा) थर दिलेला १९६२ चा फेंडर जॅझ बास घेऊन त्याने १९७६ मध्ये गायिका जोनी मिचेलच्या ‘हेजिरा’ अल्बममधल्या चार गाण्यांत साथ केली, आणि तिथे तो जवळजवळ दुसरा गायकच आहे. ते शोभते, कारण त्या गाण्यांतली वाद्ययोजना विरळ आहे आणि मिचेलच्या ओळींमध्ये श्वास घ्यायला भरपूर जागा आहे. गिटार, कीबोर्ड आणि ड्रम यांनी आधीच भरलेल्या गाण्यात त्याची नक्कल केली की गर्दी होते. बासवादक बाकिथी कुमालोने गायक पॉल सायमनच्या १९८६ च्या ‘ग्रेसलँड’ अल्बममध्ये जे केले तेही ऐकावे, तिथे घसीट ठेक्याचाच भाग होऊन येते.

गाणे बसवताना आधी फक्त कॉर्डच्या मूळ स्वरांवर, एकही घसीट न घेता, पूर्ण वाजवून ध्वनिमुद्रित करावे. दुसऱ्या दिवशी ते ऐकताना शब्द समोर ठेवावेत आणि जिथे काहीतरी कमी पडल्यासारखे वाटते तिथेच पेन्सिलीने खूण करावी. बहुतेक गाण्यांत अशा खुणा तीन-चारच निघतात. तेवढ्याच जागी घसीट किंवा वरचा स्वर घालून पुन्हा मुद्रण करावे, मग बासचा ट्रॅक बंद करून एकदा आणि चालू करून एकदा ऐकावे. एखाद्या खुणेपाशी दोन्ही वेळा सारखेच वाटले, तर ती खूण खोडून टाकावी.