आजीच्या ओव्या व्हॉट्सॲपवर हरवू नयेत म्हणून

जात्यावरच्या ओव्या आपण हौसेने रेकॉर्ड करतो, पण वर्षभराने त्या कुणी गायल्या, कुठल्या गावच्या, काही कळत नाही. फाइलचं नाव नुसते आकडे. माझ्याकडे अशा चार फाइली पडून आहेत, आवाज मामीचा की मावशीचा यावर घरात अजून वाद चालू आहे.

आता मी असं करते:

१. पंखा आणि टीव्ही बंद. फोन एअरप्लेन मोडवर, घडी केलेल्या टॉवेलवर, गाणारीपासून हातभर अंतरावर.

२. बटण दाबल्यावर आधी तिलाच बोलू द्यायचं: नाव, माहेर, सासर, ओवी कुणाकडून शिकली. मग तारीख मी सांगते. ही माहिती आवाजातच राहिल्याने फाइलचं नाव बदललं तरी हरवत नाही.

३. 'आठवत नाही गं' म्हणाली तर जात्याचा खुंटा हातात द्या. जातं नसेल तर परातीवर हात फिरवायला सांगा. हात फिरला की ओवी येते, हे हमखास.

४. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा, मूळ फाइल तशीच पोचते.

५. शेवटी इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर मोफत खातं काढून रेकॉर्डिंग चढवा. वर्णनात ओव्यांचे शब्द देवनागरीत टंका, म्हणजे शोधताना सापडतील. शब्द कसे मांडायचे ते पाहायला 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावरचा ओव्यांचा संग्रह उघडा. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गोळा केलेल्या 1 लाखाहून जास्त ओव्यांतून तो उभा राहिलाय.

मात्र चढवण्याआधी तिला रेकॉर्डिंग ऐकवा आणि 'हे जगात कुणीही ऐकेल' हे स्पष्ट सांगा. सासूवरच्या ओव्या कधीकधी घरातच ठेवायच्या असतात.