आधी एक सर्व्हर, मग पाच, मग बाकीचे

अॅन्सिबल या अनेक सर्व्हर एकत्र हाताळणाऱ्या साधनाने दोनशे सर्व्हरवर कॉन्फिगरेशन टाकणार असाल तर प्लेबुकमध्ये, म्हणजे कामांची यादी असलेल्या फाइलमध्ये, 'सिरियल' (एका वेळी किती सर्व्हर घ्यायचे) लिहाच. ते नसलं की एक टास्क सगळ्या सर्व्हरवर झाल्यावरच पुढचा सुरू होतो. म्हणजे चुकीची फाइल आधी सगळीकडे पोहोचते आणि चूक कळते ती सर्व्हिस रिस्टार्ट होताना. सिरियलला यादी देता येते: १, ५, मग २० टक्के. सोबत 'मॅक्स फेल पर्सेंटेज' शून्य ठेवा. एकही सर्व्हर अडला तर पुढची तुकडी सुरू होत नाही.

सगळ्यात जास्त जपा ती एसएसएचची, म्हणजे दुरून लॉगिन करू देणाऱ्या सेवेची, फाइल. अॅन्सिबल त्याच दारातून आत जातं. ते बंद झालं की थेट सर्व्हरचा कन्सोल गाठण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून साच्यातून फाइल बनवणाऱ्या टेम्प्लेट मॉड्यूलला 'व्हॅलिडेट' द्या आणि त्यात 'एसएसएचडी' कमांड 'टी' पर्यायासह चालवा. नवी फाइल आधी तात्पुरत्या जागी तपासली जाते, नापास झाली तर जुनी जागची हलत नाही. अॅडमिनचे अधिकार कुणाला ते ठरवणाऱ्या सुडोअर्स फाइलसाठी हेच काम 'व्हिसुडो' करतं.

मात्र ही तपासणी मुख्यतः फाइलच्या मांडणीची आहे. लॉगिनची परवानगी असलेल्यांच्या 'अलाउ यूजर्स' यादीतून अॅन्सिबलचाच यूजर गळाला तर ती काही बोलत नाही! शिवाय जुनं कनेक्शन काही काळ उघडंच राहतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. म्हणून सर्व्हिस रिस्टार्ट करणारा हँडलर लगेच चालवून घ्या, 'रिसेट कनेक्शन' करून जुनं कनेक्शन तोडा आणि नव्याने अॅन्सिबलचं पिंग करून लॉगिन होतं का ते पाहा. तेव्हा पहिल्याच सर्व्हरवर खरं काय ते कळतं, बाकीचे १९९ शाबूत राहतात.