प्लॉट पाडताना या चुका टाळा: आधी पाण्याची वाट, मग रस्ता, मग गुंठे

पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी. कोल्हापूरच्या कुठल्याही टोकाला जा, काल उसाचं रान होतं तिथं आज चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खांब दिसतात. मी लेआउट, म्हणजे जमिनीवर प्लॉट, रस्ते आणि खुली जागा दाखवणारा नकाशा, काढून देण्याचं काम करतो. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ जणांच्या हातात आधीच एक कागद असतो. त्यावर पट्टीनं चौकोन पाडलेले, मध्ये एक बारीक बोळ. "बसतील तेवढे गुंठे बसवा साहेब," एवढंच सांगणं असतं.

तो कागद मी बाजूला ठेवतो आणि विचारतो, पाऊस लागला की तुमच्या रानातलं पाणी कुठून जातं? बहुतेकांना उत्तर माहीत असतं, पण कागदावर ते कुणीच काढलेलं नसतं. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका इथून सुरू होतात. प्लॉट आधी पाडायचे आणि पाणी, रस्ता, खुली जागा उरलेल्यात बसवायची, हा क्रमच उलटा आहे.

"आमचं गाव आहे, इथं परवानगीशिवाय चालतंय"

नाही चालत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच जमिनीचं रेखांकन आणि उपविभागणी येते. म्हणजे एक वीट रचली नसली तरी प्लॉट पाडणं हाच विकास आहे आणि त्याला परवानगी लागते. शहरात ती महापालिका देते. भोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ साली कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. कार्यालय बदलतं, पण नियमांचं पुस्तक दोन्हीकडं एकच आहे: डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. शहरात नको म्हणून गावात जाऊन नियम सैल होत नाहीत.

एकरात चाळीस गुंठे असतात, विकायला चाळीस नसतात

सगळ्यात जास्त भांडणं मी या हिशेबावरून बघितली आहेत. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. रेखांकनाची जमीन ४,००० चौरस मीटरच्या वर गेली की दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. एक एकर त्या रेषेच्या जरा पुढंच आहे, त्यामुळं साधारण ४०५ चौरस मीटर, म्हणजे चार गुंठे, तिथं गेले. आता मधून ९ मीटर रुंदीचा ८० मीटर लांब रस्ता काढला तर ७२० चौरस मीटर, म्हणजे सात गुंठ्यांच्या थोडं वर. हातात राहिले २,९२२ चौरस मीटर, एकोणतीस गुंठ्यांनाही किंचित कमी.

या हिशेबाआधीच भाऊबंद मिळून छत्तीस गुंठ्यांची विसार पावती करून बसलेले असतात. मग सात गुंठे कुणाच्या वाट्याचे कापायचे? त्यातून पळवाट म्हणून एकराचे दोन तुकडे दाखवून ४,००० च्या खाली यायचा सल्ला मिळतो. छाननीत मूळ धारणक्षेत्राचा, म्हणजे तुकडे करण्याआधी जमीन एकत्र किती होती याचा, प्रश्न येतो आणि फाइल परत फिरते, तोवर सहा महिने गेलेले असतात.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे सात-बारावरचं क्षेत्र डोळे झाकून धरणं. नकाशावरच्या क्षेत्राच्या तक्त्यात मालकीच्या कागदाप्रमाणं, मोजणी नकाशाप्रमाणं आणि जागेवर असे तीन आकडे लिहावे लागतात आणि त्यातला सर्वांत कमी आकडा धरला जातो. बांध सरकलेला असतो, ओढ्यानं काठ खाल्लेला असतो, शेजाऱ्याचं कुंपण दोन हात आत आलेलं असतं. म्हणून भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, हातात येईपर्यंत मी पेन्सिल धरत नाही. लोकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण विकलेला प्लॉट नंतर जागेवर बसत नाही असं सांगायची वेळ माझ्यावर आलेली आहे, आणि त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

पाण्याची वाट बुजवणं

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळीवर आणि ४३ फुटांना धोका पातळीवर येतं, हे आकडे कोल्हापुरात लहान पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तरी जमीन घेताना पूररेषेचा नकाशा मागणारा माणूस अजून विरळाच.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, तिथं नवी घरं नकोतच. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित असतो. तिथं बांधकामाला अटी असतात आणि जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर ठेवावी लागते. 'दोन फूट भराव टाकला की झालं' हे उत्तर चुकीचं आहे, कारण भरावानं पुराची पातळी कमी होत नाही. तुमच्या जागेतलं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जातं, एवढंच होतं.

पण माझ्या अनुभवात नदीपेक्षा जास्त घरं भिजतात ती ओघळीमुळं, म्हणजे पावसाचं पाणी रानातून वाहून जाण्याच्या वाटेमुळं. ओघळ सात-बारावर नसते, कधी गटाच्या नकाशावरही नसते. उन्हाळ्यात ती दिसतही नाही. जेसीबी लावून एका दिवसात सपाट होते आणि वर तीन प्लॉट पडतात. शहराजवळच्याच एका माळावर असं झालं होतं. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी वरच्या बाजूलाही घरं झाली, छपरं आणि काँक्रीट वाढलं, मुरायचं पाणी वाहायला लागलं आणि जुन्या वाटेनं थेट खालच्या तीन घरांत घुसलं. लोकांनी कंपाउंडच्या भिंती उंच केल्या, तर पाणी चौथ्या घरात गेलं. शेवटी सगळ्यांनी पैसे काढून रस्ता फोडला, आडवा पाइप टाकला आणि रस्त्याकडेनं गटार नाल्यापर्यंत नेलं. सुरुवातीला चार मीटरची पट्टी सोडली असती तर हे काहीच लागलं नसतं.

ओघळ ओळखायची कशी? पातळ्या घेऊन उंच-सखल नकाशा काढून घ्या, हे पहिलं. आणि शेजारच्या रानातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ऊस पिवळा कुठं पडतो आणि भात कुठं लावता. जिथं ऊस पिवळा पडतो तिथं पाणी थांबतं. ही माहिती फुकट मिळते आणि क्वचितच चुकते. रस्ते शक्यतो उताराच्या कलानं घ्या, म्हणजे गटारालाही कल आपोआप मिळतो. गटार कुठं संपतं ते नकाशावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. शेवटच्या प्लॉटजवळ संपतं असं उत्तर आलं तर ते गटार नव्हे, डासांचं टाकं आहे. नदीला पूर असला की नाल्याला उलटी फूग येते, म्हणजे नाल्याचं पाणी मागं चढतं, हेही धरून चाला. कोल्हापुरातल्या जयंती नाल्याकाठच्या वस्त्यांना हे सांगावं लागत नाही.

पाणंद म्हणजे लेआउटचा रस्ता नव्हे

तहसीलदारांकडून बांधावरून रस्ता मिळाला म्हणून लोक निर्धास्त होतात. महसूल संहितेच्या कलम १४३ खालचा तो रस्ता शेतात बैलगाडी, ट्रॅक्टर जावा म्हणून आहे. त्यावर पन्नास घरांची वस्ती उभी राहत नाही. जमीन घेण्याआधी पोहोचरस्ता कुणाच्या नावावर आहे, विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत तिथं काय दाखवलंय, याचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून जमीन असेल तर महामार्गावरून थेट तोंड मिळेल असं गृहीत धरू नका.

आतल्या रस्त्यांचं म्हणाल तर रुंदी लांबीवर ठरते. ९ मीटरनं सुरुवात होते, रस्ता लांबला की रुंदी वाढते. इथली नेहमीची चूक म्हणजे रस्ता शेजारच्या हद्दीला नेऊन भिंतीवर आपटवणं. उद्या शेजारीही प्लॉट पाडणार आहे. त्याचा रस्ता तुमच्या रस्त्याला जुळला तर दोघांचं भलं, नाहीतर घंटागाडी आणि अग्निशमनची गाडी दोनशे मीटर रिव्हर्समध्ये मागं येते. बंद रस्ता अटळ असेल तर टोकाला गाडी वळायला जागा ठेवा. कोपऱ्यांना गोलाई द्या. आणि विजेच्या डीपीची (ट्रान्सफॉर्मरची) जागा आधीच नकाशावर दाखवा, नंतर ती कुणाच्या तरी दारात येते आणि गल्ली दोन गटांत फुटते.

खुल्या जागेबद्दल एकच सांगतो. प्लॉट न होणारा तिरका, ओला कोपरा पोरांच्या वाट्याला देऊ नका. रस्त्यावरून सहज जाता येईल अशी, चौकोनी, पावसाळ्यातही वापरता येईल अशी जागा द्या.

आधीच गुंठा घेतलाय, आता काय?

पहिल्यांदा सात-बारा बघा. नाव स्वतंत्र आहे की सामाईकात? सामाईकात असेल तर तुमच्याकडं जमिनीचा हिस्सा आहे, प्लॉट नाही. शेतजमिनीचे फार लहान तुकडे करायला बंदी घालणाऱ्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अलीकडं सवलती आल्यात, पण तुकड्याची नोंद नियमित होणं आणि रेखांकन मंजूर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिनशेतीचंही तसंच. बिनशेती सारा भरला म्हणून रस्ता आणि खुली जागा तयार होत नाही.

३१ डिसेंबर २०२० पूर्वीची गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यानं पाडलेले प्लॉट, असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करायचा अर्ज करता येतो. निळ्या रेषेच्या आतल्या किंवा विकास योजनेतल्या आरक्षणाच्या जागेसाठी मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

त्यानंतरचा व्यवहार असेल तर एकट्यानं धावपळ करून काही होत नाही. गटातल्या सगळ्या धारकांना एका दिवशी एका ठिकाणी बसवा, शक्य तर मूळ मालकासह. पूर्ण गटाची एकत्र मोजणी करा, एकच नकाशा काढा आणि रस्ता व खुल्या जागेसाठी प्रत्येकानं क्षेत्राच्या प्रमाणात किती सोडायचं ते लिहून सह्या घ्या. दोन गुंठेवाल्याचा दीड होईल, त्याला वाईट वाटेल, त्याच्याशी नीट बोला. मंजुरीनंतर कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा भूमी अभिलेखचा कागद) होऊन प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आणि हे सगळं चालू असताना घराचा पाया खणू नका. रस्त्याची रेघ अजून हलणार असते.