फुफ्फुसाचा कर्करोग: दोन औषधांच्या जोडीची फेज १ चाचणी कशी आखावी

फेज १ म्हणजे सुरक्षित डोस शोधणारी पहिली चाचणी. तीत दोन्ही औषधांचे डोस एकदम चढवू नका. ज्याचा फायदा आधीच सिद्ध झालाय ते पूर्ण डोसवर कायम ठेवा, दुसरं पायरीपायरीने वाढवा. नाहीतर त्रास झाला की कोणामुळे झाला हे कळत नाही.

साधी पद्धत ३+३ ची. एका डोसवर तीन रुग्ण घ्या आणि २१ किंवा २८ दिवस पाहा. डोस रोखावा लागेल असा गंभीर दुष्परिणाम, म्हणजे डीएलटी, कोणालाच झाला नाही तर पुढची पायरी. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तीन. सहांपैकी दोघांना झाला की चढणं बंद, एक पायरी खाली. डीएलटी कशाला म्हणायचं ते पहिला रुग्ण घेण्याआधी लिहून ठेवा. यकृताच्या रक्ततपासणीतलं एएलटी नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट आणि बिलिरुबिन दुप्पट, हे एकत्र येणं त्या यादीत हवंच.

खरी गोम त्या २८ दिवसांत आहे. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणाऱ्या औषधांचा, त्रास पुष्कळदा उशिरा उठतो. चेकमेट ३७० या चाचणीत एएलके-पॉझिटिव्ह (गाठीत एएलके जनुकाचा बदल असलेल्या) रुग्णांना निवोलुमॅब ही इम्युनोथेरपी आणि क्रिझोटिनिब ही एएलके रोखणारी गोळी एकत्र दिली. दोन्ही एकेकटी वापरात असलेली औषधं, तरी १३ पैकी ५ जणांच्या यकृताला इतका गंभीर त्रास झाला की ही जोडी बंद करावी लागली; त्यांतले दोघे दगावले. म्हणून डीएलटीची मुदत संपली तरी औषधाच्या दर फेरीआधी यकृताच्या तपासण्या चालू ठेवा, आणि उशिरा आलेला त्रासही डोस ठरवताना मोजा.

नवा खोकला, धाप लागली की लगेच सीटी काढा. आजार वाढलाय, संसर्ग आहे की न्यूमोनायटिस (औषधामुळे फुफ्फुसाला आलेली सूज), हे लक्षणांवरून ओळखता येत नाही. आपल्याकडे टीबीही वगळावा लागतो. उत्तर मिळेपर्यंत दोन्ही औषधं थांबवा.

औषधांचा क्रमही बघा. पीडी-१ किंवा पीडी-एल१ रोधकानंतर (निवोलुमॅबसारख्या इम्युनोथेरपीनंतर) ऑसिमर्टिनिब ही ईजीएफआर रोखणारी गोळी दिलेल्या ४१ रुग्णांपैकी ६ जणांना गंभीर त्रास झाला; तीन महिन्यांच्या आत सुरू केलेल्या २१ पैकी तो ५ जणांना. उलट क्रमाने दिलेल्या २९ जणांत एकालाही नाही. तेव्हा निवडीच्या फॉर्मवर ‘आधी इम्युनोथेरपी घेतली का? हो/नाही’ एवढ्यावर भागत नाही. शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं, तो रकाना छापून घ्या.