‘पीसी संपला’ म्हणणाऱ्या शेअरची उलटतपासणी

सप्टेंबर १९९५ मध्ये पॅरिसला डेटाबेस सॉफ्टवेअर विकणाऱ्या ओरॅकल कंपनीच्या लॅरी एलिसन यांनी ५०० डॉलरच्या नेटवर्क कॉम्प्युटरची कल्पना मांडली. हार्ड डिस्क नाही, प्रोग्रॅम मध्यवर्ती सर्व्हरवरून उतरवायचे. मे १९९६ मध्ये ॲपल, आयबीएम, नेटस्केप, ओरॅकल आणि सन यांनी त्याचा सामाईक आराखडा जाहीर केला आणि पीसी आणि त्यावरची मायक्रोसॉफ्ट-इंटेलची सद्दी संपणार म्हणून या नव्या यंत्रावर कमावतील अशा शेअरची शोधाशोध सुरू झाली. आज निकाल ठाऊक आहे, त्यामुळे अशा दाव्यांची तपासणी शिकायला हे प्रकरण चांगलं.

सुरुवात किमतीपासून करा, पण जाहिरातीतल्या नव्हे. सनचा नेटवर्क कॉम्प्युटर, जावास्टेशन, ऑक्टोबर १९९६ मध्ये आला तो ७४२ डॉलरपासून, तेही मॉनिटर सोडून. त्यात मॉनिटर, केबलिंग आणि सर्व्हरची किंमत भागिले वापरणारे, एवढं मिळवा. मग विचारा: बचत नेमकी कोणत्या सुट्या भागाची? इथे ती मुख्यतः डिस्कची होती, आणि डिस्क तर दरवर्षी स्वस्त होत होती. म्हणजे फायदा आपोआप आटणार. झालंही तसंच. फेब्रुवारी १९९७ मध्ये कॉम्पॅकने प्रेसारिओ २१०० मॉनिटरशिवाय ९९९ डॉलरला आणला. १९९८ संपेपर्यंत ई-मशीन्सचे पीसी ५०० डॉलरच्या आत आले. प्रतिस्पर्ध्याची आजची किंमत धरून हिशेब केलात तर फसलात. दोन वर्षांनंतरची धरा.

दुसरा हिशेब तारेचा. ५ मेगाबाइटचा प्रोग्रॅम म्हणजे ४ कोटी बिट. २८.८ किलोबिटच्या मोडेमवर तो उतरायला सुमारे २३ मिनिटं लागतात, म्हणजे घरगुती ग्राहक तिथेच बाद. ऑफिसात १० मेगाबिटचं इथरनेट (ऑफिसातलं तारेचं नेटवर्क) असलं तरी सकाळी नऊला ५० जणांनी एकदम मशीन सुरू केलं की २०० कोटी बिट एकाच तारेवर: कागदावर २०० सेकंद, प्रत्यक्षात तारेवर संदेशांच्या टकरी होत असल्याने त्याहून जास्त. आणि सर्व्हर बसला की पन्नासही जण हातावर हात ठेवून. कोणत्याही ‘सगळं नेटवर्कवर’ कंपनीसाठी हे गणित ग्राहकाकडे आज असलेल्या तारेवर करा, येऊ घातलेल्या नव्हे.

नेटवर्क कॉम्प्युटरवाल्यांचा खरा जोर मात्र देखभालीच्या खर्चातल्या बचतीवर होता, आणि तो मुद्दा रास्तच होता. म्हणून पुढचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: हाच फायदा प्रस्थापित कंपनी आपल्या जुन्या ग्राहकाला देऊ शकते का? मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने ऑक्टोबर १९९६ मध्येच नेटपीसीची, म्हणजे देखभाल नेटवर्कवरून करता येईल अशा पीसीची, घोषणा केली. नेटपीसीही फारसा चालला नाही, पण खरेदी विभागांना थांबायला कारण मिळालं, आणि तेवढं पुरलं.

आता शेअर. ओरॅकल, सन, आयबीएम यांच्या उत्पन्नात या यंत्रांचा वाटा नगण्य होता. त्यासाठी ओरॅकल घेणारा खरं तर डेटाबेस घेत होता. आयबीएमचा नेटवर्क कॉम्प्युटर, नेटवर्क स्टेशन, बनवून देणारी एनसीडी ही कंपनी छोटी, थेट याच धंद्यातली, पण तिथे एका बड्या ग्राहकावर भिस्त. अमेरिकी कंपनीचा १०-के हा वार्षिक अहवाल तिथल्या बाजार नियामकाच्या एडगर या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात १० टक्क्यांहून जास्त उत्पन्न देणारे ग्राहक शोधा, आणि विक्रीपेक्षा मालसाठा वेगाने वाढतोय का तेही बघा.

कुणीही जिंकलं तरी कमावणारी कंपनी सापडली तर उत्तम, पण ती कुणाच्या परवानगीवर अवलंबून आहे तेही पाहा. सिट्रिक्स विंडोजचे प्रोग्रॅम सर्व्हरवरून चालवून देत असे. फेब्रुवारी १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट हेच स्वतः करण्याच्या विचारात आहे असं कळताच शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली गेला. मे महिन्यात करार झाला, ७.५ कोटी डॉलर आगाऊ मिळाले आणि शेअर सावरला. एकाच करारावर जगणारी कंपनी पोर्टफोलिओत थोड्याच प्रमाणात ठेवावी, ती याच कारणाने.

बाहेर पडायच्या अटी खरेदीच्या आधीच लिहून ठेवा. दोन पुरतात: किमतीतला फरक जाहीर केलेल्याच्या निम्म्यावर आला, किंवा बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी अंग काढून घेतलं. सॉफ्टवेअर कंपनी कोरेलने अशा यंत्रांसाठी जावा भाषेत लिहिलेला ऑफिस प्रोग्रॅमचा संच १९९७ मध्येच गुंडाळला. ओरॅकलची याच कामासाठीची उपकंपनी, नेटवर्क कॉम्प्युटर इन्कॉर्पोरेटेड, १९९९ मध्ये लिबरेट या नव्या नावाने, टीव्हीच्या सॉफ्टवेअरकडे वळून, शेअरबाजारात उतरली आणि २००४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. नाव आणि धंदा दोन्ही बदललेल्या कंपनीची तपासणी पुन्हा पहिल्या पायरीपासून करायची.